गॅस गेलाय म्हणण्याआधी पंखा बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांनी तो मजकूर मागितला, म्हणून इथं देत आहोत.)



विषयपत्रिकेवर ‘गाडीचा एसी’ असं लिहिलेलं बघून मघाशी मागच्या ओळीत हसू फुटलं. एक काकू म्हणाल्या, “आमच्या घरातला पंखा धड फिरंना, आणि ही पोरगी एसीचं सांगाय लागलीय.” काकू, मीसुद्धा आज पंख्याचंच सांगणार आहे. एक पंखा फिरत नव्हता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यापायी एका गटाची गाडी विकायची वेळ आली होती. त्यात माझीही चूक होती. ती आधी सांगते, मग पंख्याकडं वळू.

आपल्या प्रभागातल्या एका गटानं जुनी सात सीटची गाडी घेतली, हे तुम्हाला माहीत आहे. थोडं बँकेचं कर्ज, थोडं ग्रामसंघाचं, थोडी गटाची बचत. गटातल्या एका वहिनींनी लायसन काढलं आणि गाडी हातात घेतली. आठवडाभर दवाखान्याच्या, बाजाराच्या खेपा आणि शनिवार-रविवारी पर्यटक. दाजीपूरला गवे बघायला, मे अखेरीला काजवे बघायला, पावसात धबधबे आणि धरण बघायला लोक येतात. कोल्हापुरात उतरलेल्या पाहुण्यांना आणायचं, फिरवायचं, परत सोडायचं. हप्ता वेळेवर जात होता.

एप्रिलमधली गोष्ट. पुण्याचं एक कुटुंब घेऊन वहिनी कोल्हापुरातनं निघाल्या. रंकाळ्याजवळ गर्दीत गाडी अडकली, आणि एसीतनं गरम वारं यायला लागलं. मागं लहान पोर रडायला लागलं. गावाबाहेर पडल्यावर परत गार वारं आलं, पण तोवर पाहुण्यांचा मूड गेला होता. परतीला त्यांनी दुसरी गाडी केली आणि अर्धंच भाडं दिलं.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. “एसी लागत नाही,” एवढंच सांगितलं. उत्तर आलं, “गॅस गेलाय.” गॅस भरला, पैसे दिले. मोकळ्या रस्त्यानं घरी येताना एसी गार लागला. काम झालं, असं वाटलं. पुढच्या रविवारी गर्दीत परत तेच. परत गॅरेज, परत गॅस. त्या वेळी वहिनींनी मला फोन केला होता, “ताई, परत पैसे मागताहेत, देऊ का?” मी म्हणाले, “देऊन टाका वहिनी, त्यातलं त्यांना कळतं.” ही माझी चूक. वहिनी मला विचारत होत्या, म्हणजे त्यांच्या मनात शंका होती. मी ती ऐकून घ्यायला हवी होती. मी ती मिटवून टाकली.

तिसऱ्या वेळी गोष्ट एसीवर थांबली नाही. कणकवलीहून फोंडा घाट चढून येताना इंजिनच्या टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला. वहिनींनी ओळखून गाडी बाजूला घेतली, म्हणून इंजिन वाचलं.

त्यानंतरची गटाची बैठक तुमच्यातल्या काही जणींनी बघितली आहे. “बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.” “गाडी चालवायला बाप्या माणूस ठेवा.” “त्यापेक्षा विकून टाका.” हे बाहेरच्यांनी म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. हे आपल्याच गटात, आपल्याच तोंडून आलं. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. घरी जाताना किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

शेवटी गाडी एका वयस्कर वायरमन काकांकडं नेली. गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतात ते. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “उभी असताना गरम, पळताना गार. असंच होतंय नव्हं?” वहिनी म्हणाल्या, “हो, अगदी असंच.” काकांनी गाडी चालू करायला लावली, एसी लावला, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “या इकडं, बघा. पंखा फिरतोय का?”

पंखा जागचा हलत नव्हता. पंख्याकडं जाणाऱ्या वायरीचा प्लग आतनं हिरवा पडून जळला होता. प्लग बदलला, पंखा फिरायला लागला, अर्ध्या तासात काम संपलं. दोन वेळच्या गॅसला जे गेलं, त्याच्या दहाव्या हिश्श्यातही नाही एवढा खर्च. वर गरज नसताना भरलेला जादा गॅस काढून मापात आणायला एसीवाल्याकडं वेगळे पैसे गेले, ते निराळंच.

आधीच्या गॅरेजवाल्यानं फसवलं, असं मी म्हणत नाही. आपण ‘एसी लागत नाही’ एवढंच सांगितलं आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. त्यानं नेहमीचं काम केलं. डॉक्टरकडं जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टर तरी काय करणार? कधीपासून, कुठं, जेवणाआधी की नंतर, हे सांगावं लागतं. गाडीचंही तसंच आहे. वहिनींना सगळं माहीत होतं. गर्दीत गरम, पळताना गार, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. पण ते सांगण्यासारखं आहे, असं त्यांना कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

म्हणून आज हे यंत्र समजून घेऊ. अवघड काही नाही.

एसी गार कसा करतो

इंजेक्शनच्या आधी नर्सबाई दंडाला स्पिरिट लावतात, तेव्हा गार लागतं. का? ते स्पिरिट उडून जाताना तुमच्या अंगातली उष्णता घेऊन जातं. आता दुसरं. भात शिजताना झाकणाला आतनं पाणी सुटतं आणि झाकण कडक तापतं. वाफेचं परत पाणी होताना तिच्यातली उष्णता झाकणाला मिळते. द्रवाची वाफ होताना उष्णता घेतली जाते, वाफेचा द्रव होताना उष्णता सोडली जाते. एसी म्हणजे एवढंच.

गाडीच्या एसीत एक खास गॅस नळ्यांतनं गोल गोल फिरत असतो. डॅशबोर्डच्या आतल्या जाळीत त्याची वाफ होते, तिथं तो गाडीतली उष्णता घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यानं तो आणखी तापतो. असा तापलेला गॅस गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढं बसवलेल्या एका जाळीत येतो. ती जाळी म्हणजे कंडेन्सर. इथं तो उष्णता बाहेर सोडतो, परत द्रव होतो आणि पुन्हा आत जातो.

आता ही उष्णता जाळीवरनं कोण घेऊन जाणार? वारं. गाडी पळत असली की समोरनं वारं आपोआप येतं. गाडी उभी राहिली किंवा घाटात सावकाश चढायला लागली, की वारं थांबतं. तेव्हा वारं ओढायला जो लागतो, तोच हा पंखा. पंखा बंद असेल तर उभ्या गाडीत कंडेन्सर तापतो, नळ्यांतला दाब वाढतो आणि गार वारं बंद होतं. दाब फारच वाढला तर यंत्र स्वतःला वाचवायला कॉम्प्रेसर बंद करतं.

बऱ्याच लहान गाड्यांत हाच पंखा, किंवा त्याच्या जोडीचा दुसरा, इंजिनचा रेडिएटरही गार करतो. म्हणून पंख्याकडं दुर्लक्ष झालं तर आज एसी जातो आणि उद्या इंजिन जातं. फोंडा घाटात वहिनींच्या गाडीचं तेच व्हायला लागलं होतं.

हा पंखा कायम फिरत नसतो, हेही लक्षात घ्या. आपल्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे आठवा. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेल्या त्या धरणावर दरवाजा उघडायला कुणी जात नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, पाणी उतरलं की मिटतो. पंख्याचंही असंच आहे. नळ्यांतला दाब किंवा इंजिनची उष्णता ठरलेल्या पातळीला गेली की स्विच लागतो आणि पंखा सुरू होतो. उष्णता उतरली की थांबतो. काही गाड्यांत एसीचं बटण दाबल्याबरोबर फिरतो, काहींत थोड्या वेळानं. म्हणून बघताना चार-पाच मिनिटं थांबायचं.

गाडीत बसल्या बसल्या तीन प्रश्न

पहिला प्रश्न. वारं येतंय का? जाळीतनं वारंच कमी येत असेल, तर आधी आतला ब्लोअर आणि धुळीचा फिल्टर बघायचा. तो फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. आपल्याकडच्या लाल धुळीनं तो लवकर भरतो.

दुसरा प्रश्न. वारं भरपूर आहे पण गार नाही, ते कधी? उभ्या गाडीत गरम आणि पळत्या गाडीत गार असेल, तर संशय आधी पंख्यावर. उभी असो की पळती, कायमच कोमट असेल, तर संशय गॅसवर किंवा कॉम्प्रेसरवर.

तिसरा प्रश्न. टेंपरेचरचा काटा कुठं आहे? उभ्या गाडीत काटाही वर चढत असेल, तर पंख्यावरचा संशय पक्का होतो. मग गाडी तशीच पळवायची नाही.

बॉनेट उघडून बघायचं ते

आधी पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागं बांधा, सैल बांगड्या उतरवा. हे मी गमतीनं सांगत नाही. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा एकदम सुरू होतो. म्हणून पंखा दिसतोय म्हणून हात घालायचा नाही. चालू गाडीत फक्त डोळ्यांनी बघायचं.

गाडी सपाट जागी लावा. न्यूट्रल, हँडब्रेक. इंजिन चालू, एसी पूर्ण लावा, ब्लोअर मोठा करा. पुढं येऊन बघा.

पंखा जोरात फिरतोय? मग एक कागद घ्या आणि गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या पुढनं धरा. कागद जाळीकडं ओढला गेला पाहिजे. कागद उलटा उडत असेल तर पंखा उलटा फिरतोय. मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या की असं होतं, आणि ‘पंखा तर नवीन आहे’ म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

कागद नीट ओढला जातोय, तरीही एसी गरम? मग जाळी बघा. रात्री गाडी चालवली की किडे चिकटतात, उसाच्या हंगामात पाचोळा अडकतो, पावसात चिखल बसतो. गाडी थंड असताना साध्या नळीच्या पाण्यानं, हलक्या हातानं धुवा. जोराचा प्रेशरचा फवारा जवळनं मारू नका, जाळीची पातळ पानं वाकतात आणि वारं कायमचं अडतं.

पंखा फिरतच नाही? तर गाडी बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली तर आणखी चांगलं. मग काठीनं पंख्याचं पातं ढकलून बघा. अडकतंय का? प्लॅस्टिकची पिशवी, दोरी, गवत काही गुंतलंय का? काही नसताना अडकत असेल, तर मोटर जाम आहे.

पातं सहज फिरतंय, पण यंत्र ते फिरवत नाही? तर वीज पोचत नाही किंवा मोटर गेली आहे. आता क्रमानं बघायचं. स्वस्त ते आधी, महाग ते शेवटी.

आधी फ्यूज. बॉनेटखाली काळी पेटी असते, तिच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा त्याचं चित्र असतं. फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घाला. तार गुंडाळून किंवा मोठा फ्यूज घालून काम भागवायचं नाही. फ्यूज हा वायर वाचवायला असतो, मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठंतरी चिकटली आहे. मग फ्यूजवर फ्यूज घालत बसू नका.

मग रिले. त्याच पेटीत काड्यापेटीपेक्षा लहान काळे ठोकळे असतात. त्यांच्यामार्फत पंख्याला वीज मिळते. त्याच आकाराचा, अंगावर तोच नंबर असलेला दुसरा रिले पेटीत असेल, उदाहरणार्थ हॉर्नचा, तर तो घालून बघता येतो. पंखा फिरला तर दोष रिलेचा. नंबर वेगळा असेल तर अदलाबदल करायची नाही.

मग पंख्याचा प्लग. आपल्याकडं पाऊस कमी नाही. प्लगमध्ये पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, वीज नीट जात नाही, तिथं उष्णता होते आणि प्लॅस्टिक वितळतं. वहिनींच्या गाडीत हेच झालं होतं. आणि गाडी गोठ्याशेजारी, वैरणीजवळ उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा.

शेवटी मोटर. ही तपासणी वायरमनवर सोपवा. तो टेस्ट दिव्यानं बघेल. प्लगपर्यंत वीज येते पण पंखा फिरत नाही, तर मोटर गेली. वीजच येत नाही, तर दोष मोटरच्या अलीकडं आहे आणि मोटर बदलून उपयोग नाही. एवढा एक निकाल डोळ्यांसमोर बघितल्याशिवाय नव्या मोटरचे पैसे द्यायचे नाहीत. लाकडी दांड्यानं हळूच ठोकल्यावर मोटर फिरायला लागली, तर आतले कार्बन झिजले आहेत. आज चालली तरी पुढच्या घाटात दगा देईल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते. पंखा फिरत नाही म्हणजे दर वेळी पंख्याचाच दोष, असं नाही. गॅस फारच कमी असेल तर दाबाचा स्विच कॉम्प्रेसर लागूच देत नाही आणि मग काही गाड्यांत पंखाही सुरू होत नाही. म्हणून एसी लावल्यावर कॉम्प्रेसर ‘टक्’ असा आवाज करून लागतो का, तेही ऐका आणि सांगा.

गॅसबद्दल

गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला असेल तर कुठनं तरी गळतोय. जुन्या गाडीत वर्षानुवर्षांत सांध्यांतनं थोडा जातो, पण महिन्यात दोनदा जात असेल तर छिद्र आहे. फुटक्या घागरीत पाणी ओतत बसण्यात काय अर्थ? आधी गळती दाखवा, मग भरा, असं सांगायचं. सांध्यापाशी तेलकट डाग दिसला तर तिथं गळती असू शकते.

गॅस वजनानं भरतात. कोणता आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखाली स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाडीत साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असतो. जास्त भरला तर जास्त गार होत नाही, दाब वाढतो आणि आणखी बिघडतं. पूर्वी आर-12 नावाचा गॅस असायचा. त्यानं ओझोनच्या थराला धोका होतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर तो बंद होत गेला आणि आर-134ए आला. त्यानं ओझोनला धोका नाही, पण हवा तापवायला तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त आहे. म्हणून तो हवेत सोडून द्यायचा नसतो, मशीननं काढून घ्यायचा असतो. विनाकारण भरणं-सोडणं यात आपले पैसेही जातात आणि पुढच्या पिढीची हवाही.

काटा चढला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर मोठा करा. उकडेल, पण इंजिनची उष्णता थोडी बाहेर येते. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पाहुण्यांना सावलीत उतरवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही. आतलं पाणी उसळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतायचं नाही.

पावसाळ्यात तुम्ही म्हणाल, एसी कशाला? पण धुकं आणि पाऊस असला की समोरची काच आतनं धूसर होते. तेव्हा काचेकडं वारं सोडून एसी लावला की हवेतली ओल निघते आणि काच स्वच्छ होते. घाटात ते जीव वाचवणारं आहे. म्हणून पंख्याचा प्लग, फ्यूज, जाळी हे सगळं मिरगाच्या आधी तपासून घ्या.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘एसी लागत नाही’ म्हणायचं नाही. असं सांगायचं: “उभी असताना गरम, पळताना गार. काटा वर चढतो. एसी लावून पाच मिनिटं बघितलं, पंखा फिरत नाही. फ्यूज ठीक आहे. प्लग बघा.” एवढं बोललात की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलायला लागतो. बाकड्यावर बसू नका, बॉनेटजवळ उभ्या राहा. बदललेला जुना भाग मागून घ्या. बिल घ्या.

आणि लिहून ठेवा. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र कोणतं? नियमित नोंदी. बचतीचा रुपया न् रुपया आपण लिहितो, गाडीचं मात्र तोंडी ठेवतो. गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय झालं, कधी झालं, काय केलं, किती गेले. त्या गटाकडं अशी वही असती, तर ‘पहिला गॅस, आठ दिवसांनी दुसरा गॅस’ हे एकाखाली एक दिसलं असतं आणि बैठकीत कुणीतरी नक्की विचारलं असतं, हे असं कसं? मग बोट वहिनींकडं गेलं नसतं.

2017 मध्ये केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, गटांनी गाड्या चालवाव्यात म्हणूनच. म्हणजे गाडी चालवणारी बाई ही काही आता एकटीदुकटी गोष्ट राहिली नाही. पण कर्ज मिळालं म्हणजे गाडी आपली होत नाही. तिचं बॉनेट उघडता आलं की ती आपली होते. अमेरिकेत 1940 च्या सुमारास पॅकार्ड नावाच्या गाडीत पहिल्यांदा एसी आला, तेव्हा तो बंद करायला बटण नव्हतं. गाडी थांबवून, बॉनेट उघडून, हातानं पट्टा काढावा लागायचा. तेव्हा मालकालाच बॉनेटखाली वाकावं लागत होतं, तर आपण का लाजायचं?

ज्यांच्याकडं गाडी नाही, त्यांनाही हे उपयोगाचं आहे. दूध संस्थेतला बल्क कूलर बघा. त्यालाही कंडेन्सरची जाळी आणि पंखा असतो. दूध चार अंशांपर्यंत गार व्हायचं तर त्या जाळीवरनं वारं गेलं पाहिजे. तिच्यापुढं पोती रचू नका, जाळीवर पेंडीची धूळ साचू देऊ नका, पंखा थांबलेला दिसला तर दूध नासायची वाट न बघता लगेच सांगा. पण तिथं मोठ्या दाबाची वीज असते, म्हणून फक्त बघायचं आणि सांगायचं, उघडायचं नाही. घरातल्या साध्या फ्रिजच्या मागची काळी जाळी म्हणजे कंडेन्सरच. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका, जाळीवर कपडे वाळत घालू नका. हो काकू, तुम्हीच हसताय, मला दिसतंय.

शेवटचं. ती किल्ली आठ दिवस गटाच्या पेटीत पडून होती. पंखा दुरुस्त झाल्यावर परत बैठक झाली. ज्या काकूंनी गाडी विका म्हटलं होतं, त्यांनीच किल्ली उचलली आणि वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी ती घेतली, पण एक अट घातली. गटातल्या आणखी दोघींनी गाडी शिकायची आणि तिघींनीही बॉनेट उघडायला शिकायचं. आता दर सोमवारी सकाळी तिघी गाडीभोवती उभ्या असतात. एक एसी लावते, एक पंखा बघते, एक वहीत लिहिते. येत्या सोमवारी मी पण जाणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी सभा संपल्यावर नाव द्या. वही-पेन आणा, आणि ओढणी घरी ठेवून या.



वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला

1. उभी गरम, पळती गार: आधी पंखा बघा.
2. चालू गाडीत हात घालू नका. डोळ्यांनी बघा, पाच मिनिटं थांबा.
3. कागद जाळीकडं ओढला गेला पाहिजे.
4. क्रम: जाळी, अडकलेली वस्तू, फ्यूज, रिले, प्लग, शेवटी मोटर.
5. फ्यूज जेवढ्याचा, तेवढ्याचाच.
6. गळती दाखवल्याशिवाय गॅस भरायचा नाही. भरला तर वजन लिहून घ्या.
7. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.
8. जुना भाग, बिल आणि वहीत नोंद.